निळ्या अक्षरांची वही

आमच्या क्लासची खोली दहा बाय बारा. घाटकोपर पश्चिमेला, असल्फ्याच्या डोंगरउतारावर. खाली किराणा दुकान आणि लोखंडी जिना चढून वर आम्ही. खिडकीतून अंधेरी-घाटकोपर लिंक रोडवरची मेट्रो दिसते. २०१४च्या जूनमध्ये ती सुरू झाली तेव्हा पहिले काही दिवस शिकवणं अशक्य झालं होतं. गाडी आली की सगळी पोरं उठून खिडकीशी. आता कुणी मान वर करत नाही. आता माना खाली असतात, मोबाइलमध्ये.

मी आठवी ते दहावीला विज्ञान आणि इंग्रजी शिकवते. मुलं मला ‘टीचर’ म्हणतात, त्यांच्या आया ‘मॅडम’ म्हणतात आणि खालचे किराणावाले काका अजूनही ‘बाळा’ म्हणतात, कारण मी याच गल्लीत वाढले.

बहुतेक मुलं मराठी माध्यमातली, पण ‘सेमी’ची. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सेमी इंग्रजीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. म्हणजे इतिहासाच्या तासाला जो मुलगा घडाघडा बोलतो, तोच पुढच्या तासाला विज्ञानाचं पुस्तक उघडलं की गप्प होतो. त्याला विज्ञान येत नाही असं शाळेला वाटतं. घरी वाटतं, इंग्रजी कच्चं आहे. आणि त्याला स्वतःला वाटतं, आपण ढ आहोत.

हे मला आतून माहीत आहे. मी दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यमात होते आणि विज्ञानात वर्गात पहिली यायचे. अकरावीला सायन्सला गेले. पहिल्या आठवड्यात सरांनी ‘रिफ्रॅक्शन’ म्हणजे काय असं विचारलं. प्रकाशाचं अपवर्तन मला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. भिंगाच्या आकृत्या मी डोळे मिटून काढायचे. पण ‘रिफ्रॅक्शन’ म्हणजे तेच, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी उभी राहिले आणि उभीच राहिले. मागच्या बाकावरून कुणीतरी ‘व्हर्नी’ म्हटलं. व्हर्नाक्युलरचं ते लाडकं रूप. नंतरची दोन वर्षं मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही.

त्या काळी सायबर कॅफेत तासाला वीस रुपये पडायचे. मी आठवड्यातून एकदा जायचे, मराठी शब्दांच्या याद्या घेऊन, आणि त्यांचे इंग्रजी शब्द शोधून वहीत उतरवायचे. शेजारच्या खुर्चीवर पोरं गेम खेळत असायची आणि मी ‘अपस्करण’ला इंग्रजीत काय म्हणतात ते हुडकत असायचे. त्यामुळे २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि काही महिन्यांत गल्लीतल्या घराघरात यूट्यूब पोचलं, तेव्हा मला वाटलं, सुटलो. आता कुणालाही माझ्यासारखं मुकं बसावं लागणार नाही. जे मी तासाला वीस रुपये देऊन थेंब थेंब गोळा केलं, ते यांच्या घरात नळासारखं येणार.

मग २०२०चा मार्च आला. शाळा बंद, क्लास बंद. मी दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि लिंक टाकायला लागले. खान अकॅडमी, नासा, बीबीसीचे इंग्रजी शिकवणारे कार्यक्रम, अरविंद गुप्तांची कचऱ्यातून केलेली खेळणी, बालभारतीची मोफत पीडीएफ, पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागचं ‘दीक्षा’चं साहित्य. रोज सकाळी विज्ञानाची एक, संध्याकाळी इंग्रजीची एक. वर्षभरात शेकडो लिंक झाल्या असतील. प्रत्येकीखाली मुलांचे हात जोडलेले इमोजी आणि ‘थँक यू टीचर’. दोन निळ्या टिका दिसल्या की मला वाटायचं, शिकवून झालं.

मे महिन्यात एका मुलाच्या नावापुढे ‘लेफ्ट’ असं आलं. घरचे सगळे गावी गेले होते, एवढंच शेजारच्यांकडून कळलं. तो नंबर पुन्हा लागला नाही. तेव्हाही मी तेवढ्यापुरती हळहळले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लिंक टाकली.

२०२१च्या ऑक्टोबरात आठवीच्या पुढचे वर्ग भरायला लागले, तसा माझाही क्लास सुरू झाला. दहावीच्या बॅचमध्ये एक मुलगी होती. ग्रुपवर सगळ्यात आधी ‘थँक यू टीचर’ लिहिणारी. मी उत्साहाने तिला विचारलं, “मग, कुठला व्हिडिओ सगळ्यात आवडला?”

तिने दप्तरातून दोनशे पानी वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. पहिल्या पानापासून निळ्या पेनाने, सुवाच्य अक्षरात, लिंक लिहिलेल्या होत्या. लिंकच. एचटीटीपीएस, कोलन, दोन तिरक्या रेघा, मग ती लांबलचक, अर्थ नसलेली अक्षरं. शेजारी तारीख आणि विषय. पानामागून पान.

घरात फोन एकच होता, वडिलांचा. वडील रिक्षा चालवतात. फोन दिवसभर त्यांच्याबरोबर असायचा आणि ते रात्री दहाला परत यायचे. तोवर त्या दिवसाचा डेटा संपलेला असायचा. संपला की जो कूर्मगतीचा नेट उरतो, त्यावर मेसेज येतात, व्हिडिओ चालत नाही. म्हणून ती रोज रात्री दहा मिनिटं फोन घ्यायची, ‘थँक यू टीचर’ लिहायची आणि लिंक वहीत उतरवून ठेवायची. महिन्यातून एकदा भांडुपला मावशीकडे जायची, तिच्या फोनवर टाइप करून बघायची.

“पण लागायचंच नाही टीचर. ‘व्हिडिओ उपलब्ध नाही’ असं यायचं.”

मी वही नीट पाहिली. यूट्यूबच्या प्रत्येक व्हिडिओला अकरा अक्षरांची एक खूण असते. तिच्यात मोठी आणि छोटी लिपी वेगळी धरली जाते. मोठा ‘आय’ आणि छोटा ‘एल’ स्क्रीनवर जुळ्या भावंडांसारखे दिसतात. शून्य आणि ‘ओ’ यांचंही तेच. एक अक्षर चुकलं की दार बंद. दीड वर्ष ती मुलगी बंद दारांचे पत्ते मोत्यासारख्या अक्षरात लिहून घेत होती, आणि मी निळ्या टिका मोजत होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. राग कुणावर काढावा हेही कळेना. तिने सांगितलं नाही, कारण तिला वाटलं बाकी सगळ्यांना दिसतंय, आपल्यालाच जमत नाही. मी विचारलं नाही, कारण मला वाटलं पाठवलं म्हणजे पोचलं. अकरावीच्या वर्गात मी उभी होते, तशीच ती दीड वर्ष उभी होती. फरक इतकाच की या वेळी समोर मी होते.

सलमान खान (अभिनेते नव्हेत, खान अकॅडमीवाले) यांची गोष्ट मला तेव्हा आठवली. मुलांना मी ती ‘बघा, यूट्यूबवरून जग कसं शिकतं’ म्हणून कितीदा सांगितली होती. २००४ साली ते बॉस्टनमध्ये राहत होते आणि न्यू ऑर्लिन्समधली त्यांच्या नात्यातली एक मुलगी, नादिया, गणितात अडली होती. मोजमापांचं रूपांतर तिला जमत नव्हतं. ते तिला फोनवरून शिकवायला लागले. मग तिचे भाऊ आले, नातेवाईक आले, आणि २००६मध्ये त्यांनी व्हिडिओ यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. पुढे त्यांनी जाहीर भाषणात गमतीने सांगितलं की भावंडांना प्रत्यक्ष दादापेक्षा व्हिडिओतला दादा जास्त आवडला, कारण त्याला थांबवता येतं, मागे नेता येतं, आणि आपल्याला कळलं नाही हे कुणाला कळत नाही.

मी या गोष्टीचा उत्तरार्धच लक्षात ठेवला होता. पूर्वार्ध विसरले होते. व्हिडिओच्या आधी दोन वर्षं एक माणूस फोनवर एका मुलीला विचारत होता, तुझं घोडं नेमकं कुठे पेंड खातंय? व्हिडिओ त्यानंतर आला.

तेव्हापासून आमच्या खोलीत काही नियम झाले. पहिला नियम, घरी बघण्यासाठी म्हणून लिंक पाठवायची नाही. जे बघायचं ते खोलीत, सगळ्यांनी मिळून, माझ्या जुन्या लॅपटॉपवर. मी रात्री व्हिडिओ यूट्यूबच्या ॲपमध्ये सेव्ह करून ठेवते, सगळ्यात कमी दर्जाचा, म्हणजे डेटा कमी जातो. दुसरा नियम, व्हिडिओ सलग बघायचा नाही. ज्याला शब्द अडेल त्याने ‘थांब’ म्हणायचं. कुणीही, कितीही वेळा. सुरुवातीला कुणी म्हणेना. मग मीच खोटं खोटं अडायला लागले. आठवड्याभरात अशी वेळ आली की चार मिनिटांच्या व्हिडिओला पाऊण तास लागायचा.

आणि त्या पाऊण तासांमध्ये मला एक गोष्ट कळली, जी इतक्या वर्षांत कळली नव्हती. मुलं विज्ञानाच्या शब्दांवर अडत नाहीत. ‘फोटोसिंथेसिस’, ‘रेझिस्टन्स’, ‘क्रोमोसोम’ हे शब्द त्यांना येतात. पुस्तकात ठळक छापलेले असतात, शाळेत घोकून घेतात. मुलं अडतात ती ‘रिस्पेक्टिव्हली’वर. ‘हेन्स’वर, ‘अनलेस’वर, ‘व्हेअरॅज’वर. वाक्याचे सांधे असलेल्या शब्दांवर. त्यांचा अर्थ कुठल्याच तासाला सांगत नाहीत. विज्ञानाच्या शिक्षकाला वाटतं ते इंग्रजीचं काम, इंग्रजीच्या शिक्षकाच्या धड्यात ते येत नाहीत. ‘स्टेट न्यूटन्स लॉ’ असा प्रश्न होता तेव्हा त्या वहीवाल्या मुलीने मला हळूच विचारलं होतं, “टीचर, यात स्टेट म्हणजे कुठलं राज्य?” बाकीचे हसले. मी विचारलं, कुणाला माहीत आहे? हसणाऱ्यांपैकी एकालाही सांगता आलं नाही.

नंतर वाचताना कळलं की हा शोध काही माझा नव्हे. आमच्या इथून घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडने थेट गेलं की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, १९७४ साली सुरू झालेलं. तिथल्या व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिकेच्या शाळांमधल्या गरीब घरच्या मुलांबरोबर १९८०च्या दशकात काम केलं होतं. मुलांची विज्ञानाची समज भाषेपाशी अडते, भाषा सोपी केली की बरीच वाट मोकळी होते, असं ते तेव्हा सांगत होते. म्हणजे माझ्या जन्माच्या आसपास, माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, माझ्या अकरावीच्या दुखण्याचं निदान होऊन गेलं होतं.

मग आम्ही विज्ञान आणि इंग्रजी हे दोन तास एकत्रच करून टाकले.

गुरुत्वाकर्षणाचा धडा होता, दहावीच्या विज्ञानाचा पहिलाच. त्यात मुक्त पतन येतं. मी १९७१च्या अपोलो १५ मोहिमेतला व्हिडिओ लावला. डेव्हिड स्कॉट हे अंतराळवीर चंद्रावर उभे राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्यातून ससाण्याचं पीस एकदम सोडतात. दोन्ही बरोबर खाली पडतात. हवा नाही, म्हणून पिसाला अडवणारं कुणी नाही. गॅलिलिओचं म्हणणं खरं होतं, असं ते हसत सांगतात. एक मिनिटाचाही ऐवज नाही.

“थांब,” मागून आवाज आला. “टीचर, हे फेक आहे. माणूस चंद्रावर गेलाच नाही. मी व्हिडिओ बघितलाय.”

त्याच फोनवर, त्याच यूट्यूबवर, मराठीतून, चांगल्या आवाजात, पंधरा मिनिटांचा. माझ्या व्हिडिओपेक्षा त्याचा व्हिडिओ त्याला जास्त समजला होता, कारण तो त्याच्या भाषेत होता. मी म्हटलं, ठीक आहे, मोजू या.

हातोडा साधारण दीड मीटरवरून सुटतो असं धरलं. पृथ्वीवर दीड मीटर पडायला अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो. चंद्राचं गुरुत्व पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाइतकं, तिथे जवळपास १.४ सेकंद लागायला हवेत. सगळ्यांनी फोनवरची स्टॉपवॉच काढली. उत्तरं १.१ ते १.६पर्यंत आली, सरासरी चंद्राच्या बाजूने. तो म्हणाला, स्लो मोशन केलं असेल. वहीवाली मुलगी म्हणाली, स्लो मोशनमध्ये पीस हळू पडेल, पण हलत हलत पडेल, हे तर सरळ पडलं. तो म्हणाला, मग हवा काढलेल्या खोलीत केलं असेल. हे तो चांगलं बोलला. मग अमेरिकेत ओहायोमध्ये नासाची हवा काढून टाकता येणारी प्रचंड मोठी खोली आहे, तिथे २०१४मध्ये बीबीसीने पिसं आणि बोलिंगचा चेंडू एकदम सोडला होता, तो व्हिडिओ बघितला. त्यातही दोन्ही बरोबर पडतात, पण मूळ वेगाच्या दृश्यात पृथ्वीच्याच वेगाने.

शेवटी मी रुपयाचं नाणं घेतलं आणि त्याहून लहान असा कागदाचा गोल कापला. दोन्ही वेगवेगळे सोडले तर कागद भिरभिरत मागे राहतो. कागद नाण्यावर ठेवून सोडला तर दोन्ही बरोबर पोचतात, कारण हवा बाजूला सारायचं काम नाणं करतं. हे करायला नेट लागत नाही. त्या मुलाने ते अकरा वेळा केलं. चंद्राबद्दल तो अजूनही पूर्ण राजी नाही. पण त्या दिवसानंतर कुणी काही सांगितलं की तो म्हणतो, मोजलं का?

आता इंग्रजी. मी सांगितलं, जे बघितलं ते पाच वाक्यांत इंग्रजीत लिहा. निम्म्या मुलांनी लिहिलं, ‘ही फेल द हॅमर.’ मी लाल पेन उचललं आणि थांबले. मराठीत आपण म्हणतो, हातोडा पडला, त्याने हातोडा पाडला. एकाच धातूची दोन रूपं. मूल वर्षा-दोन वर्षांचं असताना हे शिकतं. इंग्रजीत मात्र ‘फेल’ वेगळा आणि ‘ड्रॉप्ड’ वेगळा, दोघांचं नातं दिसतच नाही. मग आम्ही फळ्यावर दोन रकाने केले. पडणे-पाडणे, तापणे-तापवणे, वितळणे-वितळवणे, फुटणे-फोडणे. आणि गंमत उलटीही निघाली. ‘द आइस मेल्टेड’ आणि ‘ही मेल्टेड द आइस’, दोन्हीकडे शब्द तोच! इथे मराठी दोन शब्द ठेवते आणि इंग्रजी एकावर भागवते. विज्ञानाच्या प्रयोगवहीत हेच तर सगळं असतं. कोण वितळलं, कुणी वितळवलं, काय तापलं, कशाने तापवलं. त्या दिवशी पहिल्यांदा मुलांना वाटलं की आपल्याला मराठी येतं ही इंग्रजीतली अडचण नसून पायरी आहे.

‘सेल’ या एका शब्दावर तर आमचा एक पूर्ण तास गेला. पेशी म्हणजे सेल, घड्याळातला सेल, सेलफोनमधला सेल आणि तुरुंगाची कोठडीही सेल. एक मुलगी म्हणाली, “आणि स्टेशनबाहेर लागतो तो सेल?” तो वेगळा, त्याचं स्पेलिंग वेगळं, पण कानाला सारखाच. सगळ्यांनी आपापल्या वहीत पाच सेल काढले.

विजेसाठी आम्ही ‘फेट’ वापरतो. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प. स्क्रीनवर तारा, बॅटरी, बल्ब ओढून जोडायचे आणि काय होतं ते बघायचं. मोफत आहे, बरीचशी साधनं मराठीतही आहेत, आणि फाइल एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालते. आम्ही तेच सर्किट आधी मराठीत करतो, मग भाषा बदलून इंग्रजीत. ‘रोध’ होता तिथे ‘रेझिस्टन्स’ येतो आणि कुणीच दचकत नाही, कारण वस्तू तीच असते.

बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली की त्यात बॅटरीवर ज्वाळा दिसतात. मुलांना हे फार आवडतं, सगळे आधी तेच करून बघतात. आमच्या वस्तीत शॉर्ट सर्किट हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. एका मुलाने ज्वाळा बघितल्या आणि खेळायचा थांबला. त्यांच्या घरी फ्यूज सारखा उडतो म्हणून वडिलांनी तिथे जाड तांब्याची तार बसवली होती. “म्हणजे आता ती तार वितळणारच नाही,” तो स्वतःशीच म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “म्हणजे दुसरं काहीतरी वितळेल.” त्याने घरी जाऊन वडिलांना सांगितलं. आधी ओरडा खाल्ला, पण आठवड्याने इलेक्ट्रिशियन आला. धडा त्याला इंग्रजीत अडीच मार्कांना होता. पुरे घर त्यावर उभं होतं.

गेल्या दोन-तीन वर्षांत नवी भानगड आली आहे. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि बघता बघता गृहपाठाचं इंग्रजी एकदम साहेबी झालं. एकाने प्रेशर कुकरमध्ये अन्न लवकर का शिजतं याचं उत्तर इतकं सफाईदार आणलं की मी त्याला ते मोठ्याने वाचायला सांगितलं. दुसऱ्याच ओळीत तो बसला. रागावून उपयोग नव्हता. फोन आता घरोघरी दोन-दोन आहेत आणि मी सगळीकडे पुरणार नाही. मग मी कामच उलटं केलं. चॅटबॉटला सांगायचं, फ्यूजबद्दल सोप्या इंग्रजीत पाच विधानं दे, त्यातली दोन मुद्दाम चुकीची दे, आणि कुठली ते सांगू नकोस. आणलेल्या विधानांमधल्या चुका वर्गात शोधायच्या आणि का चूक ते आपल्या शब्दांत सांगायचं. कधी कधी तो दोनच्या जागी तीन चुका करतो. तिसरी सापडली की पोरं दहीहंडी फोडल्यासारखी ओरडतात. आयतं उत्तर मागणाऱ्याला यंत्र पांगळं करतं, पण चूक काढायला बसलेल्याचं इंग्रजी आणि विज्ञान दोन्ही त्याच यंत्रावर धार लावून घेतं.

इथून जवळच चिरागनगर आहे. अण्णा भाऊ साठे तिथे राहायचे. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले आणि मुंबईत आल्यावर दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं वाचत अक्षरं जुळवायला शिकले असं सांगतात. मुलांना मी हे सांगते तेव्हा कुणीतरी हमखास म्हणतं, त्यांच्याकडे मोबाइल असता तर? मला वाटतं, पाटीचा एक मोठा गुण होता. तिच्याखाली उभं राहून हवा तितका वेळ बघता यायचं. ती पुढे सरकत नव्हती, आणि तिच्यापाठोपाठ दुसरी पाटी आपोआप सुरू होत नव्हती.

त्या मुलीचं काय झालं, हे तुम्हाला विचारायचं असेल. २०२२च्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा झाली, तेव्हा आमच्या हातात जेमतेम पाच महिने होते. वहीतल्या सगळ्या लिंक आम्ही पुन्हा शोधल्या नाहीत. तेवढा वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्या मी स्वतः शेवटपर्यंत न बघताच टाकल्या होत्या. आम्ही वीस निवडल्या आणि त्या थांबत थांबत बघितल्या. तिला विज्ञानात बासष्ट आणि इंग्रजीत एकोणसाठ मिळाले. पेपरात छापून येईल असं यात काही नाही. दीड वर्ष वाया गेलं नसतं तर किती मिळाले असते, हा हिशोब मी अजून करते आणि तो कधी पुरा होत नाही. ग्रुप सोडून गेलेल्या मुलाच्या बाबतीत तर हिशोब मांडायलाही काही नाही.

ती आता नर्सिंग शिकते. सुट्टी असेल त्या रविवारी येऊन नववीच्या मुलांबरोबर बसते. गेल्या महिन्यात रक्ताभिसरणाचा इंग्रजी व्हिडिओ चालू होता. हृदयाचा डावा कप्पा, उजवा कप्पा, भराभर. तिने हात पुढे करून व्हिडिओ थांबवला. कुणी ‘थांब’ म्हटलं नव्हतं. शेवटच्या ओळीत एक मुलगा होता, नवीन, मान डोलावत होता. सगळं समजल्यासारखी. तशी मान मीही डोलावली आहे, तिनेही.

“तुला काय दिसलं ते सांग,” ती त्याला म्हणाली. “इंग्रजीत नको. आधी मराठीत सांग.”

तो बराच वेळ गप्प होता. खाली किराणावाले काका कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होते. मेट्रो आली, गेली. तिने घाई केली नाही. मग तो उठून स्क्रीनपाशी गेला, निळ्या रंगाने दाखवलेल्या नसेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “ताई, रक्त तर लाल असतं ना? मग हे निळं का?”

बाकीच्या सगळ्यांनी आपापल्या मनगटाकडे बघितलं. व्हिडिओ त्या दिवशी पुढे गेलाच नाही.